दूध पचवणारा माणूस अपवाद कसा

सातारा-सांगलीकडं "मला दूध पचत नाही" असं म्हणायला जरा धीर लागतो. भिलवडीपासून फलटणपर्यंत डेअऱ्या, गावोगावी सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर किटल्यांची रांग, तालमीतल्या पोराला तांब्याभर दूध, आणि साताऱ्याहून निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत कंदी पेढे. अशा मुलखात नव्या सुनेनं सकाळचा दुधाचा पेला नको म्हटला, तर "दुधानं काय हुतंय? पी गप," हेच ऐकायला मिळणार. पोट गुबारतं, गुरगुरतं, अर्ध्या-पाऊण तासात संडासकडं पळावं लागतं, हे ती नव्या घरात कुणाला सांगणार? मग ती नाजूक ठरते, नाहीतर शहरी नखरेल.

जगाचा हिशेब मांडला तर चित्र उलटं निघतं. पृथ्वीवरच्या प्रौढ माणसांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांना दुधातली साखर पुरती पचत नाही. त्यात आजार काही नाही, माणसाच्या शरीराची मूळ घडणच तशी आहे. म्हातारपणापर्यंत पेलाच्या पेला दूध रिचवून ढेकर देणारी माणसं अल्पसंख्य आहेत, आणि ती जगभर सारखी विखुरलेली नाहीत. काही समाजांत दहातली नऊ, तर काही समाजांत शोधूनही सापडत नाहीत. हा फरक कुठून आला, ते जरा सविस्तर पाहू.

आधी साखरेबद्दल. डेअरीला दूध घालणाऱ्या प्रत्येकाला पावतीवर फॅट आणि एसएनएफ हे दोन आकडे दिसतात. पाणी आणि फॅट सोडून दुधात जे घन उरतं ते एसएनएफ. गाईच्या दुधात ते साडेआठ टक्क्यांच्या आसपास, म्हशीच्या दुधात नऊच्या आसपास. ज्या एसएनएफसाठी आपण डेअरीवाल्याशी भांडतो, त्यातला निम्म्याहून जास्त भाग एकट्या लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा असतो. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे पाच ग्रॅम. आईच्या दुधात तर याहून जास्त, सात ग्रॅमच्या घरात.

लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलेक्टोज या दोन साध्या साखरा एकमेकींना चिकटून झालेली जोडी. ही जोडी जशीच्या तशी आतड्यातून रक्तात शिरू शकत नाही, आधी ती तोडावी लागते. तोडायचं काम लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर असलेलं लॅक्टेज नावाचं विकर करतं. तान्ह्या बाळाकडं ते भरपूर असतं, कारण बाळाचं सगळं अन्नच दूध. आईचं दूध तुटलं की शरीर हे विकर बनवणं हळूहळू कमी करतं. वासरू, कोकरू, कुत्र्याचं पिल्लू, सगळ्यांत हेच घडतं. माणसाच्या पोरात ही घसरण साधारण दोन वर्षांनंतर सुरू होते. काही समाजांत ती लवकर पुरी होते, काहींत शाळेच्या वयापर्यंत रेंगाळते.

विकर कमी पडलं की न तुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरतं. तिथं दोन गोष्टी एकदम होतात. साखर आपल्याकडं पाणी ओढून घेते, त्यामुळं शौचाला पातळ होतं. आणि तिथले जिवाणू ती आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. गुरगुर, फुगारा, मुरडा, जुलाब यांचा उगम इथं. दूध प्यायल्यावर अर्ध्या ते दोन तासांत हे सुरू होतं. दूध उकळून प्यायलं म्हणून फरक पडत नाही, कारण उकळीनं जंतू मरतात, लॅक्टोज तुटत नाही.

मग काही लोकांत हे विकर आयुष्यभर का टिकतं? याचं उत्तर २००२ साली फिनलंडमध्ये मिळालं. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली ज्या हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकून आले, त्याच शहरातल्या संशोधकांनी बरोबर ५० वर्षांनी हा शोध लावला. नबील एनाताह, लीना पेल्टोनेन, इर्मा यार्वेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ मोठ्या फिन्निश कुटुंबांचा डीएनए तपासला. लॅक्टेज बनवायची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे, ते दोन क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं. दूध पचणारे आणि न पचणारे यांच्या या जनुकात शोधावा तसा फरक सापडेना. फरक सापडला तो शेजारच्या एमसीएम-६ नावाच्या जनुकाच्या पोटात, सुमारे १४ हजार अक्षरं अलीकडं (डीएनएचा मजकूर ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला असतो). मोटर आपल्या विहिरीवर, पण तिचा स्टार्टर शेजाऱ्याच्या रानातल्या पेटीत, तसा हा कारभार. त्या जागी बहुतेक माणसांत सी हे अक्षर असतं. तिथं टी आलं की स्टार्टर बंदच होत नाही आणि मोठेपणीही लॅक्टेज तयार होत राहतं. एका अक्षराचा बदल, बाकी काही नाही.

प्रत्येकाला या जागेच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. त्यातली एक जरी टी असली तरी काम भागतं. म्हणून एकाच घरात गंमत होते. समजा आई-बाप दोघांकडं एक टी, एक सी आहे. दोघांनाही दूध उत्तम पचतं. पण त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्हीकडून सीच मिळण्याची शक्यता चारात एक. थोरला तालमीत लिटरभर दूध पितो आणि धाकटीला पेलाभर दुधानं कळा येतात, यात धाकटीचं ढोंग नसतं आणि आईच्या स्वयंपाकाचा दोष तर मुळीच नसतो.

आता नकाशा. डेन्मार्क, स्वीडन, आयर्लंड, ब्रिटन या उत्तर-पश्चिम युरोपच्या पट्ट्यात बहुसंख्य प्रौढांना दूध पचतं, काही ठिकाणी ९० टक्क्यांहून जास्त. तिथून दक्षिणेला आणि पूर्वेला सरकावं तसं प्रमाण उतरतं. इटलीच्या सार्डिनिया बेटावर मेंढपाळी आणि चीज दोन्ही प्रसिद्ध, पण मोठेपणी दूध पचवणारे थोडेच. चीन, जपान, कोरियात ते अगदी तुरळक. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत जवळपास नाहीतच.

आधुनिक वैद्यकशास्त्र बरंचसं युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या माणसांना समोर ठेवून घडलं, त्यामुळं दूध पचणं हेच आरोग्याचं लक्षण आणि न पचणं ही खोट, असं कित्येक वर्षं धरून चाललं होतं. १९६६ मध्ये अमेरिकेत थिओडोर बेलेस आणि नॉर्टन रोझेन्सवाइग या डॉक्टरांनी निरोगी काळ्या आणि गोऱ्या पुरुषांची तुलना केली. लॅक्टेजची कमतरता काळ्यांत बहुसंख्यांना होती, गोऱ्यांत थोड्यांना. त्यानंतर जगभर मोजमापं सुरू झाली आणि "खोट" जगात किती पसरलेली आहे हे दिसू लागलं. आपल्या शाळांतल्या आहाराच्या तक्त्यांवर दुधाचा पेला मधोमध असतो, त्यामागंही हाच जुना चष्मा असावा असं मला वाटतं.

आफ्रिकेची गोष्ट सगळ्यांत रंगतदार आहे. केनिया आणि टांझानियातले गुरं पाळणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या दूध पितात, त्यांना ते पचतं, पण त्यांच्यात फिनलंडवाला टी सापडत नव्हता. २००७ मध्ये सारा टिश्कॉफ आणि सहकाऱ्यांनी त्यांचा डीएनए वाचला, तेव्हा त्याच पेटीत, पण जरा बाजूच्या अक्षरांत झालेले वेगळे बदल सापडले. अरबस्तानात, जिथं उंटाचं दूध प्यायलं जातं, तिथं आणखी एक वेगळा. म्हणजे हा गुण एकदा कुठंतरी उगवून जगभर पसरला असं झालेलं नाही. ज्या ज्या ठिकाणी जनावरं होती, दूध होतं आणि त्या दुधावर जगण्याची वेळ आली, तिथं निसर्गानं तोच तोडगा स्वतंत्रपणे काढला, तोही गेल्या काही हजार वर्षांत. माणसाच्या उत्क्रांतीचं इतकं ताजं आणि इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं क्वचितच असेल.

पण या गुणाची नैसर्गिक निवड इतक्या जोरात का झाली, म्हणजे तो असलेलेच जास्त का तगले? पूर्वी सरळ उत्तर दिलं जाई: ज्यांना दूध पचलं ते धष्टपुष्ट झाले, त्यांची पोरं जास्त जगली. उत्तर युरोपात ऊन कमी, त्यामुळं ड जीवनसत्त्व कमी, म्हणून दुधातल्या कॅल्शियमचा फायदा, अशीही एक मांडणी होती. वाळवंटात दूध म्हणजे स्वच्छ पाणी, ही आणखी एक. २०२२ मध्ये रिचर्ड एव्हरशेड, मार्क थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या साडेपाचशेहून जास्त ठिकाणच्या जुन्या खापरांत मुरलेली चरबी तपासली. त्यातून कळलं की युरोपात लोक नऊ हजार वर्षांपासून दूध वापरत होते, पण दूध पचवणारा बदल तिथं सर्रास दिसू लागला तो इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास. म्हणजे हजारो वर्षं पचत नसतानाही दुधाचा कारभार चालूच होता.

त्यांचं म्हणणं असं: खातापिता माणूस दुधानं जुलाब झाले तरी मरत नाही, दोन तास वैतागतो आणि कामाला लागतो. दुष्काळ पडला, साथ आली, अंगात त्राण नाही आणि घरात दूध सोडून दुसरं काही नाही, अशा वेळी मात्र तेच जुलाब जीव घेतात. त्या काळात टी असलेला तगतो. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या माण-खटावच्या म्हाताऱ्यांना भूक आणि हगवण एकत्र आली की काय होतं हे समजावायची गरज नाही. मला स्वतःला सगळ्या मांडण्यांत ही जास्त पटते, कारण ती माणसांच्या रोजच्या जगण्यापेक्षा त्यांच्या वाईट वर्षांकडं बघते.

आणि मंगोलियाचं काय करायचं? तिथले भटके पशुपालक गाय, याक, मेंढी, घोडी, उंट सगळ्यांचं दूध वापरतात, उन्हाळ्यात तर त्यांचा आहार बराचसा दुधावरच चालतो. पण मोठेपणी लॅक्टेज टिकणारी माणसं तिथं वीसात एखादी. ते दूध आंबवतात. घोडीच्या दुधाचं आइराग, नाना तऱ्हेचं दही, वाळवलेला चक्का. लॅक्टोज तोडायचं बरंचसं काम जिवाणू आधीच उरकतात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पशुपालन केलं की दूध पचायला लागतंच, हा नियमही टिकत नाही.

आता आपल्या देशाकडं येऊ. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिल्लीत तपासलेल्या लोकांपैकी सुमारे २७ टक्के लॅक्टोज न सोसणारे निघाले, तर त्रिवेंद्रम आणि पाँडिचेरीत सुमारे ६७ टक्के. २०१२ मध्ये आयरीन गायेगो रोमेरो आणि भारतीय सहकाऱ्यांनी देशभरातल्या दोन हजारांहून जास्त लोकांचा डीएनए तपासला. भारतात सापडणारा मुख्य बदल तोच निघाला, फिनलंडचा टी. आजूबाजूची अक्षरंही जुळली, म्हणजे युरोपातला आणि भारतातला टी एकाच पूर्वजाकडून आलेला. देशभरात त्याचं सरासरी प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे टी बाळगणारा माणूस पाचात जेमतेम एक. वायव्येला हे प्रमाण भरपूर, आणि दक्षिणेकडं, पूर्वेकडं जावं तसं कमी. अपवाद पशुपालकांचे: निलगिरीच्या डोंगरातले म्हशी पाळणारे तोडा दक्षिणेत असूनही त्यांच्यात टी भरपूर आहे.

महाराष्ट्र या उताराच्या अधेमधे बसतो. आता प्रत्येकजण विचारणार, "मग आमच्यात काय?" म्हशी घेऊन जावळी-पाटणच्या माथ्यावर राहिलेले आणि एकेकाळी लोणी-तूप विकून जगलेले गवळी धनगर, मेंढरांमागं माणदेशातून फिरणारे धनगर, खिलार बैल पोसणारे आटपाडीकडचे शेतकरी, गावातले ब्राह्मण, मराठे, महार, मुसलमान: यात कुणाला पचतं, कुणाला नाही हे आडनावावरून सांगून टाकायचा मोह होतो. तो आवरावा. समाजाची सरासरी वेगळी आणि एका माणसाचं पोट वेगळं. आपण सगळेच उत्तर-दक्षिणेच्या कित्येक जुन्या प्रवाहांचं मिश्रण आहोत, आणि एका अक्षराची चिठ्ठी कुणाच्या वाट्याला आली हे जातीच्या दाखल्यावर लिहिलेलं नसतं. मंगोलियाचं उदाहरण तर म्हणतं, पूर्वजांचा धंदा काय होता यावरूनही पैज लावू नये.

आकडे वाचताना आणखी एक पथ्य पाळावं. लॅक्टोज न पचणं आणि त्याचा त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणी करताना उपाशीपोटी लॅक्टोजचं पाणी पाजतात आणि श्वासातला हायड्रोजन मोजतात. जुन्या चाचण्यांत बहुधा ५० ग्रॅम लॅक्टोज देत, म्हणजे एका दमात जवळपास लिटरभर दूध. तसं कोण पितं? (तालमीतले सोडून.) ज्यांच्याकडं लॅक्टेज कमी आहे, अशा बहुतेकांना १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे कपभर दूध, तेही जेवणासोबत, फारसं बाधत नाही. चहातल्या दुधात तर दीड-दोन ग्रॅमच जातं. शिवाय रोज थोडंथोडं घेत राहिलं की मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचा ताफा बदलतो आणि गॅस कमी होतो. म्हणून कित्येकांना आपल्याकडं टी नाही हे आयुष्यभर कळतही नाही.

आपल्या स्वयंपाकघराकडं या नजरेनं पाहिलं तर मजा येते. तूप: लॅक्टोज जवळजवळ शून्य. दही: विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच खातात, आणि जिवंत असतील तर उरलेलं पोटात गेल्यावरही तोडत राहतात, म्हणून ज्याला दूध बाधतं त्याला दही चालतं. ताकात पाणी घातलेलं, त्यामुळं आणखी हलकं. कढीत मात्र उकळीनं जिवाणू मरतात, आणि तिच्यातलं बेसन स्वतःचा गॅस घेऊन येतं तो वेगळाच. पनीर करताना फुटलेल्या दुधाच्या पाण्याबरोबर बरंचसं लॅक्टोज निघून जातं. चिकाच्या दुधात लॅक्टोज नेहमीच्या दुधापेक्षा कमी असतं, पण आपण खरवस करताना त्यात साधं दूध ओततो. आणि खवा? तिथं पाणी आटतं, साखर नाही. खव्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच लॅक्टोज असतो. एक कंदी पेढा लॅक्टोज न पचणाऱ्यालाही सहसा चालेल. अर्धा बॉक्स संपवला आणि पोट बिघडलं तर पेढेवाल्याला बोल लावू नये. नरसोबाच्या वाडीहून आणलेली बासुंदीही याच हिशेबातली, वर ती जेवणावर जेवण म्हणून ओरपली जाते.

हल्ली देशी गाईच्या ए-टू दुधाची जाहिरात जोरात आहे, "पोटाला हलकं" म्हणून. ए-वन, ए-टू हा दुधातल्या प्रथिनाचा फरक. खिलारच्या दुधात, जर्सीच्या दुधात, म्हशीच्या दुधात लॅक्टोज जवळपास सारखंच. लॅक्टोज न पचणाऱ्यानं दुप्पट पैसे मोजून ते घेतलं तर लॅक्टोज तेवढंच पोटात जाईल. लॅक्टोजमुक्त म्हणून मिळणाऱ्या दुधात मात्र आधीच लॅक्टेज घालून साखर तोडलेली असते. ते जरा गोड लागतं, कारण सुट्या झालेल्या दोन्ही साखरा मिळून जोडीपेक्षा गोड असतात. दूध सोडलेल्यांनी कॅल्शियमसाठी नाचणीकडं वळावं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम, तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. माथ्यावरच्या लोकांची नाचणीची भाकरी या बाबतीत शहरी ब्रेडच्या कितीतरी पुढं आहे.

दुधाची ॲलर्जी हा प्रकार याहून निराळा. तिथं शरीराची प्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनावर उठते, अंगावर गांधी येतात, श्वास अडकू शकतो, आणि तिथं थोडंसं दूधही चालत नाही. बहुतेक वेळा ती लहान मुलांत दिसते. लॅक्टोजचा त्रास वैतागवाणा असतो, पण खात्यापित्या माणसाच्या तो जिवावर बेतत नाही.

जुलाबाची मोठी साथ येऊन गेल्यावर काही दिवस दूध सोसत नाही, असं घरोघरी सांगतात, ते बरोबर आहे. आतड्याचं अस्तर सोललं गेलं की लॅक्टेजही जातं आणि अस्तर भरून आलं की परत येतं. मात्र तान्ह्या बाळाला जुलाब झाले म्हणून आईचं दूध बंद करू नये. जन्मजातच लॅक्टेज नसलेली बाळं जगात अतिशय विरळ असतात, आणि गंमत म्हणजे त्यातली सर्वांत जास्त नोंदली गेली ती फिनलंडमध्येच.

स्वतःचं पोट तपासायला डीएनए चाचणीची गरज नाही. दोन आठवडे दूध, खवा, आइस्क्रीम बंद करावं. त्रास थांबला तर जेवणासोबत अर्धा कप दुधानं पुन्हा सुरुवात करावी आणि कुठल्या मापाला पोट बोलतं ते बघावं. दूध बंद करूनही त्रास चालूच राहिला, वजन घटत चाललं, शौचातून रक्त पडलं किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागलं, तर लॅक्टोजच्या नावावर ते खपवू नये. सातारा, कराड, मिरज इथं पोटाच्या विकारांचे तज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडं जावं.